माप देताना पोट आत ओढू नका: मानसोपचाराच्या पहिल्या भेटीबद्दल

टेप कमरेभोवती गेला की बाई पोट आत ओढते. बावीस वर्षं मी नागपूरच्या मानेवाड्यात ब्लाउज-ड्रेस शिवते, घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीनं आहेत, आणि हे रोज बघते. "काकू, श्वास सोडा." "सोडलाच आहे न बाप्पा." मग आठ दिवसांनी ड्रेस घट्ट होतो आणि बोल टेलरला लागतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण दोन वर्षांपूर्वी धंतोलीत एका मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे गेले तेव्हा मीही अगदी हेच केलं होतं.

झालं असं की ऐन एप्रिलच्या लग्नसराईत कात्री हातात घेतली की माझा हात थरथरायला लागला. छातीत धडधड, तोंडाला कोरड, आता पडते की काय असं वाटायचं. दोनदा रात्री उठून डॉक्टरांकडे धावलो. ईसीजी काढला, थायरॉईड तपासलं, साखर, रक्तदाब. सगळं नीट. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मानसशास्त्रज्ञांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी मी तब्बल महिनाभर हुकांच्या डबीत ठेवली.

मी जाऊन आले हे कळल्यापासून ट्रायलला आलेल्या बाया पडद्याआडून हळूच विचारतात, "ताई, तिथे नेमकं काय करतात हो?" दर वेळी तोंडात टाचण्या धरून किती सांगणार? म्हणून एकदाचं लिहून काढते.

कोणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी किंवा तशीच पदवी घेतलेले डॉक्टर. गोळ्या तेच लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गोळ्या देत नाहीत, ते बोलून उपचार करतात आणि चाचण्या घेतात. त्यांच्याकडे एम.फिल. किंवा तशी पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आर.सी.आय.ची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, चांगला माणूस रागावत नाही. समुपदेशक हा तिसरा प्रकार. यांत फार छान काम करणारे आहेत आणि चार दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत, म्हणून शिक्षण काय आणि कुठे झालं हे विचारायचंच.

झोप पार उडाली आहे, जेवण सुटलं आहे, कानात आवाज येतात, जीव द्यावासा वाटतो, असं काही असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. माझ्यासारखी धडधड, घरातली कटकट, माणूस गेल्याचं दुःख असेल तर दोघांपैकी कुठूनही सुरुवात करा. गरज पडली तर ते एकमेकांकडे पाठवतात.

नागपुरात खासगीवाले जास्त करून धंतोली-रामदासपेठेत बसतात. पैशाची अडचण असेल तर मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांत मानसोपचाराची ओपीडी आहे, मिहानला एम्स आहे, आणि कोराडी रोडवर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. हे शेवटचं नाव घेतलं की आपल्याकडे लोक कान झाकतात, लहानपणी आम्हाला त्याच्याच नावाने भीती घालायचे. 1864 सालचं आहे ते, महाराष्ट्रात अशी सरकारी मनोरुग्णालयं चारच, ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि आपलं. पण तिथे बाहेरचे रुग्णही तपासतात. ओपीडीत गेलेल्या माणसाला कोणी आत कोंडून ठेवत नाही, औषध घेऊन तो घरी येतो. सरकारी दवाखान्यात सकाळी लवकर पोहोचा. आधी शिकाऊ डॉक्टर सगळी माहिती विचारून लिहून घेतात, मग मोठे डॉक्टर बघतात. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली तर चिडू नका, तिथली रीतच ती आहे. गर्दीमुळे वेळ मात्र कमी मिळतो.

आणि कुठेच जाववत नसेल तर 14416 लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट, रात्रीबेरात्रीसुद्धा, मराठीतून बोलता येतं.

"शॉक देतात का?" हेही मला फार बाया विचारतात. पहिल्या भेटीत असलं काही होत नाही. शॉकचा उपचार ठरावीक आजारांतच वापरतात, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे भूल दिल्याशिवाय तो देताच येत नाही.

फोन लावताना

माझी तर फोनवरच दातखीळ बसली. पलीकडच्या मुलीने विचारलं, "कशासाठी अपॉइंटमेंट हवी?" मी म्हटलं, "ते... ब्लाउजचं..." आणि ठेवून दिला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा कागदावर लिहून घेतलं होतं: "घाबरल्यासारखं होतं, डॉक्टरांनी पाठवलं आहे." एवढं पुरे होतं. सगळी कहाणी रिसेप्शनवर सांगायची नसते.

विचारायचं ते हे: फी किती, पहिली भेट किती वेळाची, मॅडम मराठीत बोलतील का, आणि ऐन वेळी जमलं नाही तर किती आधी कळवायचं. काही ठिकाणी आदल्या दिवशी कळवलं नाही तर फी बुडते. बुडाली तर बुडू दे, असं मी म्हणणार नाही. पैसे कष्टाचे असतात, कळवा. मला पहिल्या भेटीचे हजार पडले, पुढच्या भेटींचे आठशे. हा काही ठरलेला भाव नाही, तुम्हाला कमी-जास्त पडेल. पहिली भेट बहुतेक ठिकाणी तासभराची किंवा थोडी जास्त असते, नंतरच्या पाऊण तासाच्या.

काय न्यायचं, काय नाही

चालू गोळ्यांची पाकिटं न्या. नावं आठवत नाहीत, आणि "ती पांढरी छोटी" म्हटलं तर डॉक्टरलाही कळत नाही. जुने रिपोर्ट न्या, थायरॉईडचा असेल तर नक्की, कारण थायरॉईड बिघडलं तरी धडधड होते आणि मन उदास होतं. एका कागदावर चार ओळी लिहा: हे कधीपासून, किती वेळा, झोप कशी, आणि त्याच्या आसपास घरात काय झालं होतं. मी मापाच्या वहीतलंच एक पान फाडून नेलं. एका बाजूला कोणाचं तरी शोल्डर-मुंढा, दुसऱ्या बाजूला माझी धडधड.

सोबत कोणी न्यायचं का? नेलं तर चालतं, पण बहुतेक ठिकाणी आधी तुम्हाला एकटीला बोलावतात. तसं बोलावलं नाही तर आपण म्हणावं, "मला थोडा वेळ एकटीला बोलायचं आहे." सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना कोणाचं आत ओढलेलं पोट सुटत नाही.

दिवसाची वेळ नीट निवडा. भेट झाल्यावर निदान तासभर मोकळा ठेवा, हे मी स्वतःच्या नुकसानीतून सांगते. मी परत येऊन लगेच कटिंगला बसले आणि एका पैठणीच्या ब्लाउजपीसचे दोन्ही पुढचे भाग उजव्याच बाजूचे कापले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तसं कापड मिळेना, शेवटी गिऱ्हाइकाला पैसे भरून दिले आणि वर बोलणी खाल्ली. डोकं असं सुन्न झालेलं असतं. त्या दिवशी गाडीही सावकाश चालवा.

कोणी पाहिलं तर?

उन्हाळ्यात जात असाल तर ही चिंता नाही. एप्रिल-मेमध्ये नागपुरात प्रत्येक बाई डोक्यापासून मानेपर्यंत दुपट्टा गुंडाळून, गॉगल लावून गाडीवर असते, सख्खी बहीण ओळखत नाही. मी दवाखान्याच्या दारापर्यंत तशीच गेले. दुपट्टा सोडला, बाकावर बसले, आणि समोर कोण? माझंच गिऱ्हाईक. दोघींनीही एकदम मोबाईल काढला. ती पंधरा मिनिटं मी फोनमध्ये हवामान बघत होते, बेचाळीस डिग्री होतं.

पुढच्या महिन्यात ती पिको-फॉलला साडी घेऊन आली. काहीच बोलली नाही, मीही नाही. जाताना मात्र म्हणाली, "तुमच्या मॅडम चांगल्या आहेत न?" बस. तिथे बसलेला माणूस तुम्हाला पाहून बाहेर सांगत नाही, कारण त्यालाही तेच सांगावं लागेल की मी तिथे काय करत होतो.

फॉर्म

आत जायच्या आधी कागद भरून घेतात. नाव, वय, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा, आणि संमतीची सही. सही करण्याआधी वाचा, त्यात गुप्ततेचं लिहिलेलं असतं. तुम्ही काय बोललात ते बाहेर सांगायचं नाही हा कायद्याने तुमचा हक्क आहे. नवऱ्याने फोन करून विचारलं तरी नाही. अपवाद थोडे आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कोर्टाने मागितलं, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर त्यांना कळवावंच लागतं. चांगल्या मॅडम हे पहिल्या पाच मिनिटांत स्वतःहून सांगतात.

माझ्याकडून एक प्रश्नपत्रिकाही भरून घेतली. बऱ्याच ठिकाणी वापरतात ती. 9 प्रश्न, "गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा": कशात मन लागत नाही, झोप येत नाही किंवा फार येते, थकवा, भूक, असं. उत्तरं चारच: एकदाही नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. 0 ते 3 गुण, म्हणजे एकूण 27. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, हे शाळेच्या उलट. एवढ्यावरून कोणी आजाराचं नाव ठरवत नाही, ते फक्त टेपवरचे आकडे.

आणि मी पोट आत ओढलं ते इथेच. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलचा आहे. मी झटकन "एकदाही नाही" वर खूण केली. खोटं होतं. त्याच पंधरवड्यात एकदोन रात्री असं वाटलं होतं की सकाळी उठलोच नाही तर बरं. पण मला भीती वाटली, हो म्हटलं तर हे लोक मला ॲडमिट करतील, ह्यांना फोन करतील, मुलाच्या कॉलेजपर्यंत जाईल.

अर्ध्या तासाने मॅडमनी सहज आवाजात तेच पुन्हा विचारलं, आणि मी खरं सांगितलं. काय झालं? त्यांनी पेन खाली ठेवलं नाही की घाबरल्याही नाहीत. विचारलं, नुसता विचार आला की काही ठरवलं होतं? जवळ काही साधन आहे का? आता आज कसं वाटतं? असा विचार पुन्हा आला तर घरातलं कोण चालेल? मग दोघींनी मिळून एका कागदावर लिहिलं की तसं झालं तर आधी काय करायचं, कोणाला उठवायचं, कुठला नंबर लावायचा. दहा मिनिटं लागली. ज्याने खरंच ठरवलेलं आहे त्याच्यासाठी त्या घरच्यांना बोलावतात, डॉक्टरांकडे पाठवतात, आणि ते करायलाच पाहिजे. तुमच्या मनात असं काही आज, आत्ता असेल तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका. घरात कोणाला तरी उठवा, 14416 लावा, नाहीतर सरळ मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात जा.

खोलीत

सिनेमातला लांबलचक कोच नव्हता. दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, आणि घड्याळ असं लावलेलं की त्यांना दिसावं. मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. मला वाटलं होतं, आपण बोलायचं आणि त्या ऐकणार. पण पहिल्या भेटीत त्याच जास्त विचारतात. का आलात, आताच का, कधीपासून. झोप, जेवण, पाळी, जुने आजार, ऑपरेशन. दारू-तंबाखू विचारलं, मी नाही म्हटलं, तर म्हणाल्या, "खर्रा?" नागपूरच्या माणसाला तंबाखू खाता का विचारलं तर नाही म्हणतो आणि खिशात खर्ऱ्याची पन्नी असते, हे त्यांना माहीत होतं.

मग घराण्याचा नकाशा काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यांवर फुली. माहेरी-सासरी कोणाला असा त्रास होता का, कोणी जीव दिला का, कोणाचं कोणाशी पटत नाही. कागदावर माझ्याभोवतीचे गोल-चौकोन पाहिले तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की गेल्या दोन वर्षांत तीन फुल्या पडल्या आहेत. मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मशीनवर बसणारी बाई. मोजलंच नव्हतं कधी.

नवरा मारतो का, असंही विचारतात. सगळ्यांनाच विचारतात, त्यात अपमान नाही. एखाद्या गोष्टीवर बोलायचं नसेल तर "हे आज नको" म्हणा. मी एकदा म्हटलं, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेल्या. रडू आलं तर येऊ द्या, नाही आलं तरी फी तेवढीच. मला रडू आलं नाही. "तुमचे स्वतःचे ब्लाउज कोण शिवतं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा उलट मला हसू फुटलं, कारण माझा एक ब्लाउज तीन वर्षांपासून कापून तसाच पडला होता. अजून आहे.

शेवटी मी विचारलं, "मग मी काय करू?" उत्तर मिळालं नाही, निदान मला हवं तसं नाही. त्यांनी आपल्याला काय समजलं ते थोडक्यात सांगितलं. धडधड सुरू होते, मला वाटतं अटॅक येतोय, त्या भीतीने धडधड आणखी वाढते, आणि असं ते चाक फिरतं. ही लाट काही मिनिटांत टोकाला जाते आणि ओसरते, म्हणाल्या. आधी आठवड्यातून एकदा अशा सहाआठ भेटी करून बघू, गोळ्यांची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवीन. गोळ्यांबद्दल एक समजून घ्या, उदासी-भीतीच्या गोळ्यांचा गुण यायला बहुतेक वेळा दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नसतात.

घरचा अभ्यास मिळाला. हात थरथरला की लिहायचं: कुठे होते, मनात काय आलं, किती मिनिटं टिकलं. झालं. आजाराचं नावसुद्धा सांगितलं नाही त्या दिवशी. मी जिना उतरताना खट्टू झाले होते, हजार रुपयांत नुसते प्रश्न? मग आठवलं, माझ्याकडूनही पहिल्या दिवशी कोणी नवा ब्लाउज शिवून घेऊन जात नाही, आधी माप होतं.

टेलर बदलता येतो

दोन-तीन भेटींनंतरही मोकळं वाटत नसेल तर तसं तोंडावर सांगा. चांगले लोक ऐकून घेतात, पद्धत बदलतात, नाहीतर दुसऱ्या कोणाचं नाव देतात. आणि काही ठिकाणांहून पहिल्याच दिवशी उठून या. या मॅडमच्या आधी मी एकाकडे गेले होते, नाव सांगत नाही. पंधरा मिनिटांत म्हणाला, "सासूशी जमवून घ्या," आणि अर्काची बाटली विकली. एका बैठकीत बरं करतो म्हणणारा, दुसऱ्या रुग्णाची गोष्ट तुम्हाला सांगणारा, विनाकारण अंगाला हात लावणारा, ग्रहशांती करायला लावणारा, असे सगळे एकाच गठ्ठ्यात बांधा.

घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी घरून निघताना "इतवारीत अस्तर आणायला जाते" म्हणून निघाले होते. रात्री ह्यांनी पिशवी उघडून पाहिली.

"अस्तर कुठे आहे?"

"आणलंच नाही."

"मग दुपारभर काय करून राहिली होती?"

सांगितलं. धंतोली, मॅडम, चौकोन-गोल, सगळं. नववा प्रश्नही सांगितला. हे बराच वेळ पिशवीची घडी घालत बसले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी मी सोडून देतो. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही."